पिसाळांची जाळी

गजेंद्र पिसाळांना आयुष्यात दोन गोष्टी कधी सहन झाल्या नाहीत. एक गंज आणि दुसरा सल्ला.

गंजाला ते एकतीस वर्षं पुरून उरले होते. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडावर जस्त चढवणाऱ्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. वितळलेल्या जस्ताची लांबलचक कढई, तिच्यात बुडून निघणारे खांब, पाइप, जाळ्या. बाहेर आलेल्या मालावर नुसती नजर टाकून थर किती जाड बसलाय ते पिसाळ सांगायचे आणि मीटर लावून मोजणारी पोरं मुकाट्यानं मान डोलवायची. सल्ल्याचं मात्र त्यांना काही करता येत नसे. निवृत्तीला तीन महिने उरले तसा त्याला ऊतच आला. इस्लामपूरला परत चला, शेती बघा. योगासनं करा. मींजूरचं घर विका, अड्यारला फ्लॅट घ्या. बायको, कुमुदिनी, तेवढी वेगळं बोलली. "काहीही करा, फक्त दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून फोडणी कशी द्यावी ते सांगू नका."

पिसाळांच्या मनात पाखरं होती. कारखान्यातल्या आम्लाच्या वाफांमुळे त्या शेडच्या आसपास चिमणीसुद्धा फिरकत नसे. एकतीस वर्षं त्यांनी क्रेनचा खडखडाट ऐकला होता. आता घरामागच्या अंगणात, शेवग्याच्या सावलीत, माणूस आत उभा राहू शकेल एवढं मोठं पाखरांचं घर बांधायचं आणि सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा साधी होती, आणि म्हणूनच पुढं जे झालं त्याचा राग येतो.

जॉर्ज टाउनच्या एका गल्लीत रविवारी पाखरं विकायला बसतात असं ऐकून ते गेले. लाल, पिवळ्या, जांभळ्या चिमुकल्या पाखरांचा पिंजरा त्यांनी उचललाच होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय हो, मराठी का तुम्ही? त्या पांखरांस हात लावूं नका. ती रानांतली मुनिया. वरतीं रंग लाविला आहे. पाण्यांत बसलीं कीं रंग उतरेल, आणि कूंड्यांत, पिंजऱ्यांत, ठेविलीं म्हणून पोलिस दारीं येईल."

लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, कानात यंत्र, कपाळाला विभूती. हे राणोजीराव. तंजावरकडचे मराठी, वय चौऱ्याहत्तर. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडं आले ते मराठी बरोबर घेऊन, आणि नंतर कुणी ती बदलून दिली नाही. तमिळ हेलात ते जुनं मराठी ऐकून पिसाळ हातातला पिंजरा खाली ठेवायचंही विसरले.

सल्ल्याचा एवढा तिटकारा असलेला माणूस त्या दिवशी अड्यारला राणोजींच्या घरी जाऊन दोन तास सल्ला ऐकत बसला. मागच्या अंगणात वीस पाखरं होती. हिरवी, निळी, पिवळी, चिमटीत मावतील एवढी. आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो तीच, पण राणोजी त्यांना बजी म्हणत.

"नव्या माणसानें बजी घ्यावी," राणोजी म्हणाले. "फिंच नाजूक, घाबरट. मोठा पोपट मनुष्य मागतो, दिवसभर. बजीस राळा द्या, पाणी द्या, चार सोबती द्या, झालें. नवख्याच्या चुका पोटांत घालतें तें पांखरूं."

मग बांधणीचं सांगितलं. दोन दारं एकामागं एक हवीत, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद. तळाला सिमेंट, घुशी उकरू नयेत म्हणून. अर्ध्या छताला पत्रा, अर्धं उघडं, सकाळचं ऊन यावं अशा बेतानं. बसायला कडुलिंबाच्या आणि पेरूच्या फांद्या, कमीजास्त जाडीच्या. पिसाळांनी सगळं आलेख-कागदावर मापासकट उतरवून घेतलं. माप असलं की त्यांना तो सल्ला वाटत नसे.

"आणि जाळी," राणोजी शेवटी म्हणाले. "नवी जाळी तशीच लावूं नका. व्हिनेगर घालून ब्रशानें घासा, धुवा, महिनाभर उन्हापावसांत टाका. मग लावा. हीं पांखरें चोंचीनें चढतात, जाळी चावतात. नवें जस्त पोटांत गेलें तर मरतात."

जस्त! जस्त पोटात गेलं तर मरतात! पिसाळांच्या कानशिलाची शीर उडाली. ज्यांनी जस्ताच्या बादलीतलं पाणी पिऊन चार पिढ्या काढल्या त्यांच्या घरातला मी, आणि मला हा माणूस जस्त शिकवतोय? पण तोंडानं ते "बरं, बरं" एवढंच म्हणाले.

निरोपाला काय देऊ, असं कारखान्यातल्या पोरांनी विचारलं तेव्हा पिसाळ म्हणाले, मला काही नको, माझी जाळी कढईत बुडवून द्या. पोरांनी ती दोनदा बुडवली. बाहेर आली ती चांदीसारखी. सांध्यासांध्यावर जस्ताचे बारीक थेंब गोठले होते. गिऱ्हाइकाचा माल असता तर पिसाळांनी ते कानस मारून काढायला लावले असते. इथं मात्र राहू दिले, कारण ते उन्हात चमकत होते आणि ही जाळी त्यांच्या हाताखाली निघालेला शेवटचा माल होती. तिच्यावर व्हिनेगर ओतायचं म्हणजे नव्या पैठणीला राख फासायची. त्यांनी ती आठवड्याभरात चौकटीला ठोकलीसुद्धा.

राणोजींचा फोन आला. "जाळी धुतलीत?"

"धुतली."

"ब्रशानें?"

"ब्रशानं. दोनदा."

दोनदा बुडवली होती. धुतली एकदाही नव्हती.

राणोजींना पाखरं देऊन टाकायची होती. पुढच्या महिन्यात ते बंगळुरूला मुलीकडं कायमचे जाणार होते आणि तिच्या सोसायटीत पिंजरा चालत नव्हता. वीसच्या वीस पाखरं ओळखीच्या, खात्रीच्या घरी जावीत एवढाच त्यांना घोर होता. तांबरमच्या एका शिक्षकाला सहा, नंगनल्लूरच्या दोघी बहिणींना दहा, असं ठरलं होतं. पण पहिली चार त्यांनी पिसाळांना दिली. टॅक्सी करून स्वतः मींजूरला घेऊन आले. पाखरं सोडण्याआधी त्यांनी जाळीवर हात ठेवला.

"फार चमकते," ते म्हणाले.

"घासली ना, म्हणून," पिसाळ म्हणाले. एकदा सुरुवात केली की खोटं बोलणं चालण्याइतकं सोपं होऊन जातं.

राणोजींनी मान हलवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. मग त्यांनी आपला नियम सांगितला. "एक मंडलम. अठ्ठेचाळीस दिवस. तेवढ्यांत पांखरूं रोगानें गेलें तर दोष माझा, तुमचा नव्हे. पंचवीस वर्षांमागें एकानें मज दुखणाईत जोडी दिली. मीं तिचीं पिल्लें वाटलीं. पांच घरचीं पांखरें मेलीं. तेव्हांपासून शब्द आहे. माझ्या थव्यांत रोग निघाला तर तो थवा पुढें जाणार नाहीं." पिसाळांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

पाखरं दोन निळी, एक हिरवं, एक पिवळं. पहिला आठवडा सुखाचा गेला. पिसाळ चहाचा कप घेऊन खुर्ची टाकून बसत आणि निळी मादी जाळीवर उलटी लटकून सांध्यावरचा थेंब चोचीनं कुरतडत राही, टिक टिक टिक. "कशी खेळते बघ," ते कुमुदिनीला दाखवत.

नवव्या दिवशी निळी मादी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. पाणी पीतच सुटली. विष्ठा हिरवी, पाण्यासारखी. दहाव्या दिवशी सकाळी ती खाली सिमेंटवर पडलेली होती. बाराव्या दिवशी पिवळं गेलं. ते तर फांदीवरून पडत होतं, पुन्हा चढत होतं, पुन्हा पडत होतं, पायात धरायची ताकदच नव्हती. कुमुदिनीनं त्याला ओंजळीत घेतलं आणि ते तिच्या ओंजळीतच गेलं. ती रडली. पिसाळ रडले नाहीत, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

दोन्ही वेळा राणोजींना फोन केला. पहिल्यांदा ते म्हणाले, "प्रवासाचा धक्का असेल." दुसऱ्यांदा पाखरांचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "उरलेलीं डॉक्टराकडे न्या. काय म्हणतो तें मज सांगा."

शनिवारी पिसाळ दोन पाखरं खोक्यात घालून शहरातल्या डॉक्टर वेंकटकडं घेऊन गेले. हिरवं वाटेतच मेलं होतं. उरलेल्या निळ्या नराचा डॉक्टरनं एक्स-रे काढला आणि फिल्म काचेवर लावली. बोटाएवढ्या त्या शरीराच्या मध्यभागी पांढरे टिपके होते, रव्याच्या कणांसारखे.

"धातू आहे, सार," डॉक्टर म्हणाला. "जस्त. पिंजऱ्याची जाळी नवी आहे का?"

"नवीच," पिसाळ म्हणाले.

"धुतली होती?"

पिसाळांनी नजर वर नेली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते, ते त्यांना पुढं कधी विसरता आलं नाही. डॉक्टर तरुण होता, त्यानं काही सुनावलं नाही. इंजेक्शनं देतो, पाखरू इथंच राहू दे, जगेल कदाचित, म्हणाला. "लागण नाही हे एक बरं झालं. नाहीतर ज्यांनी दिली त्यांची सगळी पाखरं धोक्यात आली असती."

घरी आल्यावर कुमुदिनीनं विचारलं, "काय म्हणाले?"

"बघतायत," पिसाळ म्हणाले आणि एक्स-रेचं पाकीट कपाटावर टाकलं.

सहाला राणोजींचा फोन वाजला. पिसाळांनी तो चार वेळा वाजू दिला आणि मग घेतला. हिरवं गेल्याचं सांगितलं.

"डॉक्टर काय म्हणाला?"

आता सांगायचं होतं. एक वाक्य होतं. जाळी मी धुतली नव्हती. पण एकतीस वर्षं ज्या माणसाच्या नजरेवर मीटरपेक्षा जास्त भरवसा ठेवला गेला, त्याला ते वाक्य तोंडातून काढवेना. पडलो तरी नाक वर, हा स्वभाव असा आयत्या वेळी सोडता येत नाही.

"अजून काही नक्की नाही म्हणाले," पिसाळ बोलले.

"मज कळलें," राणोजी म्हणाले. "तीन गेलीं. तुमचा कांहीं दोष नाहीं. तुम्हीं तर जाळीसुद्धां दोनदा घासलीत. माझ्याच थव्यांत आहे. मीं काय तें बघतो."

"बघतो म्हणजे?"

"तें माझ्यावर सोडा. बायकोस सांगा, रडूं नये." आणि फोन ठेवला.

पिसाळांना काय वाटलं, ते सांगून टाकतो. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. म्हाताऱ्यानं दोष आपणहून उचलून नेला होता. सोमवारी सांगू, ते मनाशी म्हणाले. चार दिवसांनी सांगू. तो बंगळुरूला गेल्यावर पत्र लिहू.

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला कुमुदिनी फोन हातात घेऊन अंगणात धावत आली. तिचा चेहरा पाहूनच पिसाळ उभे राहिले. फोनवर राणोजींकडं स्वयंपाक करणारी अलमेलू होती. कुमुदिनी दर दोन दिवसांनी तिला पाखरांच्या खाण्याचं विचारायची. आज तीच रडत होती.

"ती म्हणते राव सकाळपासून मागच्या अंगणात आहेत," कुमुदिनी म्हणाली. "दाराला आतून कडी घातलीय. एकेक पाखरू हातात घेतात आणि… अहो, मारतायत ते. रोग पसरू नये म्हणून सगळी मारणार म्हणतायत. तुम्हाला डॉक्टरांनी नक्की काय सांगितलं?"

पिसाळांनी पिंजऱ्याच्या चौकटीला हात टेकला. "रोग नाहीये," ते म्हणाले. "जाळी आहे. माझी जाळी. मी धुतलीच नव्हती."

 तेहतीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याला पुष्कळदा बोलली होती. आत्ता तिला बोलायला वेळ नव्हता. तिनं फोन कानाला लावून तमिळमध्ये भराभर सांगितलं. रोग नाही, जस्त आहे, जाळी धुतली नव्हती, थांबवा त्यांना, जा, खिडकीतून ओरडा.

फोनमधून अलमेलूचा ओरडण्याचा आवाज आला. मग शांतता. मग ती पुन्हा फोनवर आली. कुमुदिनी ऐकत गेली आणि तिचे ओठ पांढरे पडत गेले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, गजेंद्रराव भले माणूस आहेत. माझी पाखरं वाचावीत म्हणून खोटं बोलतायत. त्यांनी जाळी दोनदा घासली, त्यांनी स्वतः मला सांगितलंय." कुमुदिनीनं फोन खाली घेतला. "कानातलं यंत्र काढून ठेवलं म्हणे त्यांनी. आता ऐकतच नाहीत."

पिसाळांनी डॉक्टरला फोन लावला. रविवार, दवाखाना बंद, फोन बंद. त्यांनी पक्कड घेतली आणि जाळीचा हातभर तुकडा कचाकचा कापून काढला, थेंबांसकट. कपाटावरचं एक्स-रेचं पाकीट शर्टाच्या आत घातलं. कुमुदिनीनं मोटारसायकलची चावी त्यांच्या हातावर ठेवली.

"ते पिवळं माझ्या ओंजळीत गेलं," ती एवढंच म्हणाली. "लवकर जा."

मींजूर ते अड्यार म्हणजे चेन्नईचं एक टोक ते दुसरं टोक. मणलीपर्यंत रस्ता मोकळा मिळाला. तिथून पुढं बंदराकडं जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्या एकामागं एक उभ्या होत्या, दोन-दोन मैल, इंजिनं बंद करून, ड्रायव्हर खाली उतरून दात घासत होते. पिसाळ दोन ट्रेलरांच्या फटीतून गाडी घालत निघाले. एका जागी आरसा घासला, कुणीतरी आईवरून शिवी दिली. वीस पाखरं. चार माझ्याकडं आली. सोळा उरली. एका पाखराला किती वेळ लागत असेल? त्यांना तो हिशोब नको होता, तरी तो आपोआप होत होता. राणोजी हळू माणूस. प्रत्येक पाखरू हातात घेऊन त्याच्याशी आधी बोलत असतील. देवा, बोलू दे त्यांना. खूप वेळ बोलू दे.

तिरुवोत्तियूरच्या देवळापाशी कुणाची तरी मिरवणूक होती. वीस मिनिटं गेली. पिसाळांनी पोलिसाला हात जोडले. पोलिसानं विचारलं, कोण आजारी आहे? ते म्हणाले, पाखरं. पोलिसानं त्यांना बाजूला उभं केलं. कासिमेडूला मासळीच्या टोपल्या, जॉर्ज टाउनला हातगाड्या. समुद्राकाठचा रस्ता लागला तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. पाठीवर घाम आणि छातीशी एक्स-रेची फिल्म चिकटलेली. वाटेत दोनदा त्यांना वाटलं, परत फिरावं, आता काय उपयोग. दोन्ही वेळा त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

अलमेलूनं दार उघडलं. ती बाजूला झाली. मागच्या दाराची कडी आता निघालेली होती.

राणोजी कपडे धुवायच्या दगडावर बसले होते. वेष्टी वर खोचलेली, हात कोपरापर्यंत ओले. पायाशी जुना पंचा पसरलेला होता आणि त्यावर दुसरा पंचा झाकलेला होता. मधे उंचवटे होते. पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात उरलेली पाखरं अंगाला अंग लावून बसली होती. पिसाळांनी मोजली. पाच. राणोजी श्वास घ्यायला थांबले होते, बस.

"राव, जाळी मी धुतली नव्हती," पिसाळ म्हणाले.

राणोजींनी कानामागं हात नेऊन "काय?" अशी खूण केली. पिसाळांनी ते पुन्हा सांगितलं. पुन्हा "काय?" मग पिसाळ ओरडले, "जाळी मी धुतलीच नव्हती! खोटं बोललो तुमच्याशी!" शेजारच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली आणि खाली बघायला लागली. तिला मराठी कळत नव्हतं, पण ओरडणाऱ्या माणसाचा चेहरा कळत होता.

राणोजींनी कट्ट्यावरचं यंत्र उचललं, पुसलं आणि कानात बसवलं. "आतां सांगा," ते म्हणाले.

म्हणून पिसाळांना ते चौथ्यांदा सांगावं लागलं, हळू आवाजात. तेच सगळ्यात अवघड गेलं.

त्यांनी जाळीचा तुकडा आणि एक्स-रेची फिल्म दगडावर ठेवली. राणोजींनी फिल्म आकाशाकडं धरून चांगल्या डोळ्यानं पाहिली. मग जाळीचा तुकडा घेतला. सांध्यावरच्या थेंबावर अंगठ्याचं नख लावलं आणि दाबलं. थेंब टचकन सुटून त्यांच्या तळहातावर पडला. 

"डॉक्टरानें केव्हां सांगितलें?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. आज सकाळी कळलं आणि तसाच धावत आलो. कुणाला कधी पत्ता लागला नसता. कुमुदिनी बोलली नसती. राणोजी आठवड्याभरात गाव सोडून जाणार होते. वाक्य पिसाळांच्या जिभेवर तयार होतं, नीट घासूनपुसून.

"काल," ते म्हणाले. "दुपारी तीनला."

"मीं फोन केला तो सहाला."

"हो."

राणोजींनी मान हलवली, हळूहळू, दोनदा. "आज सकाळीं सातास सोळा होतीं," ते म्हणाले.

पिसाळ पुढं आले. "राव, बोला मला काहीतरी. शिव्या द्या. मारा."

राणोजींनी शिव्या दिल्या नाहीत. ते उठले, नळाखाली हात पुन्हा धुतले आणि अलमेलूकडं वळून म्हणाले, "दुरून आलेत. कापी दे त्यांस."

अलमेलूनं आधी ऐकलंच नाही असं केलं. त्यांनी पुन्हा सांगितलं तेव्हा ती आत गेली आणि स्टीलचा पेला पिसाळांपुढं आदळून निघून गेली. घरी आलेल्याला कॉफी न देता पाठवायचं नाही, ही राणोजींची रीत होती आणि अकरा पाखरांसाठीही त्यांनी ती मोडली नाही. पिसाळ पायरीवर बसले. पेला हातात घेतला. झाकलेला पंचा त्यांच्या पायापासून वीतभर लांब होता.

राणोजींनी डब्यातून मूठभर राळा घेतला, पिंजऱ्याचं छोटं दार उघडलं आणि तळहात आत धरला. रोज सकाळी ते असाच धरायचे आणि धक्काबुक्की करत सगळी पाखरं त्यावर उतरायची, बोटांवर, मनगटावर, जागा नाही मिळाली तर बाहीवर. आता हात आत आला तशी पाचही पाखरं एकदम फडफडली आणि पलीकडच्या जाळीला जाऊन चिकटली.

राणोजींनी हात काढला नाही. चेहरा वळवलेला होता, त्यामुळे पिसाळांना तो दिसत नव्हता. फक्त लांब धरलेला हात दिसत होता आणि त्यातून एकेक दाणा खाली सांडत होता.

"या," राणोजी पाखरांना म्हणाले. "या, कण्णा. कांहीं नाहीं आतां."

एकही आलं नाही. पिसाळांनी कॉफी पिऊन संपवली, कारण ती टाकता येण्यासारखी नव्हती. राणोजींचा हात तेव्हाही पिंजऱ्यातच होता.